विश्लेषण : जगाचे सॉफ्टवेअर एकट्यादुकट्या स्वयंसेवकाच्या खांद्यावर का?

हा मजकूर तुम्ही अँड्रॉइड फोनवर वाचत असाल, तर त्यातली वेलांटी, रफार आणि जोडाक्षरे जागच्या जागी बसवण्याचे काम ‘हार्फबझ’ नावाची एक मोफत लायब्ररी करते आहे. भारतीय प्रमाणवेळ ग्रिनिचपेक्षा साडेपाच तास पुढे आहे, हे फोनला ठाऊक असते ते ‘टाइम झोन डेटाबेस’ या मोफत नोंदवहीमुळे. बँकेचे ॲप, रेल्वेचे आरक्षण, वीजबिल भरण्याचे संकेतस्थळ अशी सगळी दुनिया शेकडो मोफत सुट्या भागांवर उभी आहे. यातले काही भाग मोठ्या कंपन्यांचे पगारी अभियंते सांभाळतात. पण बरेच भाग वीस-पंचवीस वर्षे जुने आहेत आणि एखाद-दुसरी व्यक्ती नोकरीधंदा करून रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी त्यांची डागडुजी करते. ती व्यक्ती थकली, आजारी पडली किंवा कंटाळली तर काय होते, याची झलक मार्च २०२४ मध्ये मिळाली. त्यानंतरही चित्र फारसे बदललेले नाही.

मार्च २०२४ मध्ये नेमके काय घडले?

मायक्रोसॉफ्टमधील अभियंता आंद्रेस फ्रॉइंड हे ‘पोस्टग्रेस’ या डेटाबेसच्या कामगिरीची मोजमापे घेत होते. दुसऱ्या संगणकात सुरक्षितपणे शिरण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘एसएसएच’ या सोयीला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, असे त्यांच्या लक्षात आले. अर्ध्या सेकंदाकडे कुणीही दुर्लक्ष केले असते. फ्रॉइंड यांनी मात्र माग काढला. तो ‘एक्सझेड युटिल्स’ या फायली आकुंचित करणाऱ्या जुन्या सॉफ्टवेअरपर्यंत पोहोचला. त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ या ताज्या आवृत्त्यांमध्ये कुणीतरी चोरवाट, म्हणजे ‘बॅकडोअर’, बसवली होती. विशिष्ट गुप्त किल्ली जवळ असलेल्याला त्या वाटेने दूरवरच्या सर्व्हरवर हवी ती आज्ञा चालवता आली असती.

२९ मार्च २०२४ रोजी फ्रॉइंड यांनी ही माहिती जाहीर केली. तोवर बाधित आवृत्त्या डेबियन, फेडोरा, ओपनसुसे आदी लिनक्स प्रणालींच्या चाचणीच्या किंवा सतत अद्ययावत होणाऱ्या शाखांपर्यंतच गेल्या होत्या. बँका, दूरसंचार कंपन्या, सरकारी खाती वापरतात त्या स्थिर आवृत्त्यांमध्ये त्या अजून शिरल्या नव्हत्या. या त्रुटीला तीव्रतेच्या मोजपट्टीवर दहापैकी दहा गुण मिळाले. आणखी काही महिने ती उघडकीस आली नसती, तर जगातल्या असंख्य सर्व्हरची किल्ली एका अज्ञात हाती गेली असती.

चोर आत शिरला कसा?

एक्सझेडची देखभाल फिनलंडमधील लासे कॉलिन अनेक वर्षे जवळपास एकट्याने, विनामोबदला करत होते. २०२१ च्या अखेरीस ‘जिया टॅन’ नावाच्या खात्यावरून त्यांना छोट्या छोट्या दुरुस्त्या येऊ लागल्या. दुरुस्त्या उपयोगी होत्या. २०२२ मध्ये प्रकल्पाच्या ईमेल चर्चेत आणखी काही अनोळखी नावे उगवली. त्यांतले एक नाव तर भारतीय वाटावे असे होते. दुरुस्त्या पडून राहतात, नवी आवृत्ती येत नाही, वेळ नसेल तर प्रकल्प दुसऱ्याकडे सोपवा, असा तगादा या मंडळींनी लावला. ही नावे त्याआधी कुठे दिसली नव्हती आणि नंतरही दिसली नाहीत.

कॉलिन यांनी या तगाद्याला जून २०२२ मध्ये दिलेले उत्तर आज वाचताना चटका लावते. रस संपलेला नाही. पण दीर्घकाळच्या मानसिक आरोग्याच्या तक्रारींमुळे आणि इतर कारणांमुळे पूर्वीइतके लक्ष देता येत नाही, आणि हे काम म्हणजे बिनपगारी छंद आहे हेही लक्षात ठेवावे, असे त्यांनी म्हटले होते. पुढे जिया टॅनला सहदेखभालीचे अधिकार मिळाले. दोनेक वर्षे विश्वास कमावल्यावर, फेब्रुवारी २०२४ मध्ये, त्या खात्याने चोरवाट असलेली आवृत्ती प्रसृत केली. त्या नावामागे कोण होते, हे आजतागायत जाहीरपणे सिद्ध झालेले नाही. पण पद्धत स्पष्ट आहे. थकलेल्या पहारेकऱ्याला आधी त्रास दिला गेला आणि मग मदतीचा हात पुढे करून त्याच्याकडूनच चावी घेतली गेली.

‘मेंटेनर’ म्हणजे कोण आणि तो करतो काय?

ज्या सॉफ्टवेअरचा मूळ कोड कुणालाही पाहता, वापरता, बदलता आणि वाटता येतो, ते ओपन सोर्स किंवा मुक्तस्रोत. असा कोड लिहायला हजारो हात लागू शकतात. पण कुणाचा बदल घ्यायचा, कुणाचा नाकारायचा, नवी आवृत्ती कधी काढायची, हे ठरवणारी माणसे मोजकीच असतात. त्यांना मेंटेनर म्हणतात.

नवे काही लिहिणे हा त्यांच्या कामाचा छोटा भाग असतो. रोजचे काम निराळेच असते. आलेल्या तक्रारी वाचणे, त्यातली खरी कोणती आणि वापरणाऱ्याची चूक कोणती हे शोधणे, अनोळखी माणसाने पाठवलेला बदल ओळ न ओळ तपासणे, नवा प्रोसेसर किंवा नवा कंपायलर आला की जुना कोड त्यावर चालवून पाहणे, सुरक्षेची गुप्त सूचना आली की बाकीची कामे सोडून दुरुस्तीला बसणे. यात कौतुक कमी आणि कुरकुर जास्त. सॉफ्टवेअर चालते तोवर मेंटेनर कुणाला आठवत नाही. ते बंद पडले, की त्याचाच पत्ता शोधला जातो.

गावच्या सार्वजनिक विहिरीसारखाच हा प्रकार आहे. पाणी भरायला सगळे येतात. गाळ काढायच्या दिवशी दोघेतिघेच दिसतात. ‘टायडलिफ्ट’ या कंपनीने २०२४ मध्ये केलेल्या पाहणीत सुमारे ६० टक्के मेंटेनरनी आपल्याला या कामाचे काहीही पैसे मिळत नाहीत, असे सांगितले. काम सोडलेल्यांचे किंवा सोडण्याचा विचार केलेल्यांचे प्रमाणही जवळपास तेवढेच होते.

जुन्या सॉफ्टवेअरची देखभाल अधिक अवघड का?

सॉफ्टवेअर लोखंडासारखे गंजत नाही. पण त्याच्या भोवतालचे सगळे बदलत राहते. वीस वर्षांपूर्वी एखादी ओळ अमुक पद्धतीने का लिहिली, हे ज्याला माहीत होते तो प्रकल्प सोडून गेलेला असतो. त्या काळच्या संगणकाची एखादी खोड लक्षात घेऊन केलेली तडजोड आज चूक वाटते. ती काढावी तर कुठल्या कोपऱ्यातले काय बंद पडेल, सांगता येत नाही.

दुसरी अडचण जुन्या वापरकर्त्यांची. लाखो ठिकाणी वापरात असलेल्या लायब्ररीतून एखादी जुनी सोय काढली, की तक्रारींचा पाऊस पडतो. त्यामुळे नकोशी झालेली सोयही तशीच ठेवावी लागते. डिसेंबर २०२१ मध्ये जगभर धावपळ उडवणारी ‘लॉगफोरजे’मधील त्रुटी अशाच एका सोयीत दडलेली होती. जावा भाषेतल्या प्रणाली आपल्या कामाची नोंद ठेवण्यासाठी ही लायब्ररी वापरतात. २०१३ मध्ये त्यात आलेली एक सोय जुन्या वापरकर्त्यांची अडचण होऊ नये म्हणून कायम ठेवली गेली होती. तिच्यामुळे खेळाच्या चॅटमध्ये एक खास ओळ टाकली तरी समोरच्या सर्व्हरवर परका कोड चालवता येई. अपाचे फाउंडेशनच्या छत्राखालील स्वयंसेवकांनी दिवसरात्र बसून दुरुस्त्या काढल्या. त्या वेळी आभारांपेक्षा शिव्याच अधिक खाव्या लागल्याची खंत त्यांच्यापैकी काहींनी उघड बोलून दाखवली.

तिसरी अडचण हत्यारांची. अनेक जुने प्रकल्प सी भाषेत आहेत आणि त्यांची जुळणी करणाऱ्या आज्ञावल्या इतक्या जुनाट, गुंतागुंतीच्या आहेत की त्या सहसा कुणी वाचत नाही. एक्सझेडमधील चोराने नेमका याचाच फायदा घेतला. घातक भाग त्याने चाचणीसाठीच्या फायलींमध्ये लपवला आणि तो बाहेर काढून जोडणारी आज्ञा जुळणीच्या फायलीत ठेवली. ही आज्ञा सगळ्यांना दिसणाऱ्या मूळ कोडच्या साठ्यात नव्हती. वाटपासाठी बांधलेल्या गाठोड्यातच होती. कोड खुला असला की हजार डोळे तो पाहतात, असे म्हणतात. पण डोळे जिथे वळत नाहीत, तिथे खुलेपणाचा उपयोग नसतो.

चौथी अडचण माणसांच्या वयाची. नव्वदच्या दशकात प्रकल्प सुरू करणारी पिढी आता पन्नाशी-साठीत आहे. ‘व्हिम’ या लोकप्रिय टेक्स्ट एडिटरचे जनक ब्राम मूलेनार यांनी १९९१ पासून तीस वर्षांहून अधिक काळ त्याची धुरा वाहिली. ऑगस्ट २०२३ मध्ये वयाच्या ६२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. आधीपासून सोबत काम करणारे सहकारी होते म्हणून व्हिम सुरू राहिला. प्रत्येक प्रकल्पाला असे वारसदार मिळतातच असे नाही.

असा धोका याआधी लक्षात आला नव्हता का?

आला होता, आणि एकदा नव्हे. एप्रिल २०१४ मध्ये ‘ओपनएसएसएल’मधील ‘हार्टब्लीड’ ही त्रुटी जाहीर झाली. संकेतस्थळ आणि ब्राउझर यांच्यातील संवाद कूटबद्ध करणारे हे सॉफ्टवेअर. त्रुटी दोन वर्षे कुणाच्या लक्षात आली नव्हती. नेटक्राफ्ट या संस्थेच्या अंदाजानुसार सुमारे पाच लाख सुरक्षित समजल्या जाणाऱ्या संकेतस्थळांना तिचा धोका होता. कॅनडाच्या कर विभागातून सुमारे ९०० नागरिकांचे ओळख क्रमांक चोरीला गेले. मग चौकशी झाली तेव्हा कळले, की ज्याच्यावर जगाचे ऑनलाइन व्यवहार चालतात त्या प्रकल्पाला वर्षाला सुमारे दोन हजार डॉलर देणग्या मिळत होत्या आणि पूर्णवेळ काम करणारा माणूस एकच होता.

मार्च २०१६ मध्ये ‘लेफ्टपॅड’ प्रकरण घडले. एका कंपनीशी नावावरून वाद झाल्यानंतर एका प्रोग्रामरने आपले सगळे छोटे कोड सार्वजनिक साठ्यातून काढून घेतले. त्यांत अवघ्या ११ ओळींचा एक तुकडा होता. तो नाहीसा होताच हजारो प्रकल्पांची जुळणी अडली. ऑगस्ट २०२० मध्ये ‘एक्सकेसीडी’ या व्यंगचित्रमालिकेत रँडल मनरो यांनी हे सगळे एका चित्रात आणले : आधुनिक डिजिटल जगाचा प्रचंड मनोरा, आणि तळाशी त्याला तोलून धरणारी एक काडीएवढी वीट, जी नेब्रास्कातला कुणी अनाम माणूस वर्षानुवर्षे सांभाळतो आहे. संगणक अभियंत्यांच्या वर्तुळात हे चित्र आज जवळपास म्हणीसारखे वापरले जाते.

कंपन्या कमावतात, मग पैसे का देत नाहीत?

हार्वर्ड बिझनेस स्कूलशी संबंधित संशोधकांनी २०२४ मध्ये केलेल्या अभ्यासात एक तुलना आहे. मोठ्या प्रमाणावर वापरले जाणारे ओपन सोर्स सॉफ्टवेअर एकदा नव्याने लिहायचे तर सुमारे ४१५ कोटी डॉलर लागतील. पण ते अस्तित्वातच नसते आणि प्रत्येक कंपनीला स्वतःपुरते लिहावे लागले असते, तर एकूण खर्च ८.८ लाख कोटी डॉलरवर गेला असता. या बचतीचा कणभर भागही देखभालीकडे वळत नाही. याचे कारण हिशेबात आहे. मोफत मिळणाऱ्या वस्तूसाठी खरेदी विभागात रकाना नसतो. बीजक नाही म्हणून पैसे नाहीत, पैसे नाहीत म्हणून जबाबदारीही नाही.

अपेक्षा मात्र विकत घेतल्यासारख्या असतात. ‘कर्ल’ हे फायली आणि माहितीची देवाणघेवाण करणारे सॉफ्टवेअर स्वीडनचे डॅनियल स्टेनबर्ग १९९८ पासून सांभाळतात. जानेवारी २०२२ मध्ये त्यांना एका बड्या कंपनीचे पत्र आले. लॉगफोरजेच्या त्रुटीचा तुमच्या ‘उत्पादना’वर काय परिणाम झाला, ते २४ तासांत कळवा, असा त्याचा सूर होता. कर्ल सी भाषेत आहे. जावाच्या त्या लायब्ररीशी त्याचा काडीचा संबंध नाही. त्या कंपनीने कर्लसाठी कधी एक पैसाही दिला नव्हता. देखभालीचा करार केलात तर आनंदाने उत्तर देईन, असे स्टेनबर्ग यांनी कळवले.

जून २०२५ मध्ये ‘लिबएक्सएमएल२’चे मेंटेनर निक वेल्नहोफर यांनी वेगळी वाट धरली. ॲपल, गुगल यांच्या उत्पादनांतही वापरल्या जाणाऱ्या या लायब्ररीतील सुरक्षेच्या त्रुटी कंपन्यांच्या सोयीसाठी गुप्त ठेवणे, त्यांच्या मुदती पाळणे हे आठवड्याचे कित्येक तास खाणारे काम आहे. बिनपगारी स्वयंसेवकाला ते परवडत नाही, म्हणून यापुढे अशा त्रुटी साध्या त्रुटींसारख्याच हाताळल्या जातील, असे त्यांनी जाहीर केले. नोव्हेंबर २०२५ मध्ये क्लाउड प्रणालींमध्ये सर्रास वापरले जाणारे ‘इन्ग्रेस एनजिनएक्स’ मार्च २०२६ नंतर बंद करण्याची घोषणा झाली. त्यामागचे कारण साधे होते. वर्षानुवर्षे एक किंवा दोनच जण कामाचे तास संपल्यावर ते सांभाळत होते आणि वारंवार आवाहन करूनही मदतीला कुणी आले नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेने काम हलके केले की जड?

दोन्ही. चांगल्या माणसाच्या हाती ‘एआय’ उपयोगी ठरतो. २०२५ मध्ये एका संशोधकाने एआयच्या साधनांनी कर्लमधील संशयास्पद जागांची यादी पाठवली आणि त्यातून अनेक खऱ्या चुका दुरुस्त झाल्या. पण त्याच काळात बक्षिसाच्या आशेने एआयकडून लिहून घेतलेल्या बनावट अहवालांचा पूर आला. भाषा सफाईदार, संज्ञा बिनचूक, आणि सांगितलेली त्रुटी अस्तित्वातच नाही. असा अहवाल तयार करायला मिनिट लागते. तो खोटा आहे हे सिद्ध करायला जाणत्या माणसाचे तास जातात. अखेर कर्लने २०१९ पासून चालवलेली बक्षीस योजना जानेवारी २०२६ च्या अखेरीस बंद केली.

व्हिडीओ हाताळणाऱ्या ‘एफएफएमपेग’ची तक्रार निराळी आहे. २०२५ मध्ये गुगलच्या एआयने त्यात शोधलेल्या त्रुटींपैकी एक १९९५ मधल्या एका व्हिडीओ गेमच्या चित्रफिती उलगडणाऱ्या भागात होती. त्रुटी खरी होती. पण शोधायला एका बलाढ्य कंपनीची यंत्रणा आणि दुरुस्त करायला स्वयंसेवक, ही वाटणी न्याय्य आहे का, असा सवाल प्रकल्पाने केला. त्रुटी सांगताय तर दुरुस्ती किंवा पैसेही पाठवा, अशी त्यांची मागणी होती. शोधण्याचा वेग यंत्राने वाढतो आहे आणि दुरुस्तीचा वेग माणसाइतकाच राहिला आहे. यापुढच्या काळातली खरी कोंडी ही आहे.

भारताचा आणि महाराष्ट्राचा याच्याशी संबंध काय?

केंद्र सरकारने मार्च २०१५ मध्ये सरकारी प्रणालींसाठी ओपन सोर्सला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. परवान्याचा खर्च वाचतो आणि एका कंपनीवर अवलंबून राहावे लागत नाही, हा त्यामागचा विचार योग्यच होता. आपल्या डिजिटल सेवा मोठ्या प्रमाणात याच पायावर उभ्या आहेत. पण वापरायचे धोरण आले, तसे सांभाळायचे धोरण आले नाही.

घडते आहे ते सगळेच निराशाजनक नाही. ‘ईआरपीनेक्स्ट’ हे व्यवसाय व्यवस्थापनाचे ओपन सोर्स सॉफ्टवेअर मुंबईतल्या ‘फ्रॅपे’ने घडवले आणि जगभर नेले. रेड हॅटच्या पुण्यातील अभियंत्यांनी ‘लोहित’ या भारतीय लिप्यांच्या मोफत फाँटवर काम केले; लिनक्सवर देवनागरी नीट दिसण्यात त्यांचा वाटा आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘झिरोधा’ने जगभरातील ओपन सोर्स प्रकल्पांना दरवर्षी दहा लाख डॉलर देणारा निधी सुरू केला. त्यातून एका प्रकल्पाला दहा हजार ते एक लाख डॉलरपर्यंत मदत मिळू शकते. एका शेअर दलाली कंपनीला जे सुचते, ते आपल्या बड्या माहिती तंत्रज्ञान कंपन्यांना आणि बँकांना का सुचू नये, हा प्रश्न विचारायलाच हवा.

मनुष्यबळाची तर आपल्याकडे वाण नाही. गिटहबच्या २०२५ च्या अहवालानुसार एका वर्षात भारतातून ५० लाखांहून अधिक नवे डेव्हलपर त्या व्यासपीठावर आले. पण संख्या म्हणजे मदत नव्हे. २०२४ च्या सुरुवातीला ‘एक्स्प्रेस’ या प्रकल्पाला याचा वाईट अनुभव आला. एका भारतीय शिकवणीच्या व्हिडीओत उदाहरणादाखल दाखवलेली कृती प्रेक्षकांनी जशीच्या तशी केली आणि प्रकल्पाच्या माहितीपत्रकात स्वतःचे नाव घालण्याच्या विनंत्यांचा ढीग मेंटेनरपुढे पडला. बायोडेटात ‘ओपन सोर्स योगदान’ अशी ओळ हवी, म्हणून विद्यार्थी हे करतात. दोष त्यांचा एकट्याचा नाही. आपल्या अभियांत्रिकी अभ्यासक्रमात शून्यातून प्रकल्प उभा करायला गुण आहेत. दुसऱ्याचा जुना कोड वाचून, समजून, त्यातली एक चूक दुरुस्त करायला गुण नाहीत. नोकरीत मात्र पहिल्या दिवसापासून तेच करावे लागते.

यावर उपाय कोणते केले जात आहेत?

हार्टब्लीडनंतर लिनक्स फाउंडेशनने कंपन्यांकडून निधी उभारला. ओपनएसएसएलला पूर्णवेळ माणसे मिळाली, कोडची साफसफाई झाली आणि २०२१ मध्ये त्याची नवी मोठी आवृत्ती आली. पीएचपी ही जगातली असंख्य संकेतस्थळे चालवणारी भाषा. तिचा एक प्रमुख विकासक दुसरीकडे वळल्यानंतर, नोव्हेंबर २०२१ मध्ये तिच्यासाठी स्वतंत्र फाउंडेशन स्थापन झाले आणि विकासकांना मोबदला मिळू लागला. जर्मन सरकारने २०२२ मध्ये ‘सॉव्हरिन टेक फंड’ सुरू केला. रस्ते, पूल यांच्या देखभालीला जशी सरकारी तरतूद असते, तशी ती डिजिटल पायाला हवी, ही त्यामागची भूमिका. या निधीने ‘ग्नोम’ या लिनक्सवरील प्रकल्पाला दहा लाख युरो दिले.

युरोपीय संघाचा ‘सायबर रेझिलियन्स ॲक्ट’ डिसेंबर २०२४ मध्ये अमलात आला असून त्यातील मुख्य बंधने डिसेंबर २०२७ पासून लागू होतील. उत्पादन विकणाऱ्याने त्यात वापरलेल्या मोफत भागांचीही जबाबदारी घ्यायची, असे त्याचे सूत्र आहे. नफ्याशिवाय काम करणाऱ्या स्वयंसेवकाला त्यातून वगळले आहे. भारतात ‘सेबी’ने ऑगस्ट २०२४ मध्ये आणि ‘सर्ट-इन’ने ऑक्टोबर २०२४ मध्ये सॉफ्टवेअरमधील घटकांची यादी ठेवण्याबाबत चौकट आखून दिली. घरात काय काय आहे, हे आधी कळायला हवे, या दृष्टीने हे पहिले पाऊल ठीक आहे. पण यादी केल्याने त्यातल्या जुन्या घटकाला मेंटेनर मिळत नाही.

आपण काय करायला हवे?

निधीने बरेच प्रश्न सुटतात, सगळे नाही. कॉलिन यांना २०२२ मध्ये धनादेशापेक्षा एका विश्वासू सहकाऱ्याची गरज अधिक होती, आणि ती जागा नको त्या माणसाने भरली. म्हणून पैशाइतकेच महत्त्व माणसांच्या वेळेला आहे. सरकारी निविदांमध्ये वापरलेल्या ओपन सोर्स घटकांच्या देखभालीसाठी ठरावीक हिस्सा राखून ठेवणे अवघड नाही. ज्या लायब्ररीवर आपला धंदा चालतो तिथे आपल्या एखाद्या अभियंत्याला आठवड्यातून एक दिवस पगारी काम करू देणे, हे मोठ्या कंपन्यांना सहज शक्य आहे. अभियांत्रिकी महाविद्यालयांनी अंतिम वर्षाच्या प्रकल्पात एखाद्या जुन्या सॉफ्टवेअरच्या तक्रारी तपासणे, चाचण्या लिहिणे, कागदपत्रे सुधारणे यांना मान्यता दिली, तर वर्षभरात काही विद्यार्थी तरी त्या प्रकल्पात टिकतील. मेंटेनर तयार व्हायला काही वर्षे लागतात. जिया टॅननेही तेवढा धीर धरला होता. चांगल्या हेतूच्या माणसांनी तो का धरू नये?

एक्सझेडची गोष्ट मार्चमध्ये संपली नाही. चोरवाट उघड झाल्यावर सगळ्या जगाचे लक्ष लागलेले असताना तो प्रकल्प पुन्हा हाती घेतला लासे कॉलिन यांनीच. जिया टॅनने केलेले बदल त्यांनी तपासले, घातक भाग काढून टाकले आणि मे २०२४ च्या अखेरीस ५.६.२ ही स्वच्छ आवृत्ती दिली. ज्या कंपन्यांचे सर्व्हर थोडक्यात वाचले, त्यांच्यासाठी हा गाळही त्याच थकलेल्या माणसाने उपसला.